पाठकोरे दिवस

जूनचा पहिला आठवडा, दुपारचे साडेचार. रद्दीच्या दुकानात एक मुलगा सरलेल्या वर्षाच्या वह्यांचा गठ्ठा घेऊन आला. गठ्ठ्याला सुतळी होती, पण गाठ सैल, त्यामुळे मधली वही सारखी बाहेर सरकत होती. दुकानदाराने तो काट्यावर ठेवला, आकडा पाहिला आणि मग सवयीने वरच्या दोन-तीन वह्यांच्या कडेवरून अंगठा फिरवला. पानं फर्रकन सुटली. आधी निळी शाई, लाल शेरे, 'सुंदर'चे दोन-चार शिक्के, आणि मग एकदम पांढरं, शेवटपर्यंत पांढरं. "अर्धी कोरी आहे रे ही," तो म्हणाला. "नव्या आणल्यात, काका," मुलगा म्हणाला. त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतंच. पैसे दिले गेले, दोन वह्या गठ्ठ्यातून निघून गल्ल्याखाली गेल्या आणि बाकीचा ढीग मागच्या अंधारात जाऊन पडला. तेवढंच झालं. पण अंगठ्याखालून सुटलेला तो पांढरा भाग डोळ्यांसमोरून हलत नाही, आणि गल्ल्याखाली गेलेल्या त्या दोन वह्याही.

तसे जूनचे हे दिवस त्या पांढऱ्या भागासारखेच असतात. निकाल लागतो, मे उजाडता सुट्टी लागते आणि पहिले चार आठवडे आपोआप भरतात. आजोळ, लग्नं, आंबे, शिबिरं, पोहायला जाणं. मग पाहुणे परततात, शिबिराचं प्रमाणपत्र फ्रिजवर चिकटतं, आमरसाला पहिल्यासारखा वास येत नाही. शाळा पंधरा जूनच्या आसपास उघडणार असते, विदर्भात उन्हापायी आणखी आठ-पंधरा दिवसांनी. आभाळ भरून येतं आणि न पडताच निघून जातं. पोर पंख्याखाली गार फरशीवर उताणं पडून असतं आणि स्वयंपाकघरातून दर तासाने एकच वाक्य येतं, "अरे, काहीतरी कर!"

या 'काहीतरी'वर घरोघरी दोन औषधं ठरलेली. एक, पुढच्या इयत्तेचा अभ्यास आधीच सुरू करणं. दुसरं, पंधरा दिवसांचा कसला तरी क्लास. पहिल्याने एवढंच होतं, की शाळेत पहिला धडा सुरू होतो तेव्हा पोराला तो अर्धवट येत असतो. म्हणजे ऐकायची उत्सुकता संपलेली आणि समजलेलंही नाही. दुसऱ्यात तबल्याचे तीन बोल किंवा बुद्धिबळाची एक सुरुवात शिकून होते न होते तोच गणवेशाची मापं द्यायची वेळ येते. पंधरा दिवसांत काही शिकून होत नाही. पंधरा दिवसांत एखादी वस्तू मात्र होते. जिला आपला स्वतःचा शेवट आहे, जी झाली की झाली, आणि जिला पंधरा दिवस पुरतातही, असं काम हवं. त्यातही याच पंधरवड्यात जमणारं असेल तर उत्तमच. जुन्या वह्या आत्ताच घरात असतात, आंब्याच्या कोयी आत्ताच ओल्या असतात आणि पहिला पाऊस यायचा असतो.

मराठीत एक नेमका शब्द आहे, पाठकोरा. एका बाजूने लिहिलेला, पाठीमागून कोरा कागद. वाण्याचा हिशेब, मुलांची चित्रं, पत्ता लिहून दिलेली चिठोरी, सगळं पूर्वी पाठकोऱ्यावर व्हायचं. अर्ध्या भरलेल्या वहीला तो शब्द लावावासा वाटतो, पण ती वही पाठकोरी नसते. तिची गंमत वेगळी आहे, आणि वही उसवायला बसल्याशिवाय ती कळत नाही.

दोनशे पानी वही म्हणजे शंभर कागद आणि शंभर कागद म्हणजे पन्नास जोडपानं, मधोमध दुमडून एकात एक बसवलेली आणि घडीवर दोन पिना मारलेली. पहिल्या कागदाचं दुसरं अंग म्हणजे शेवटचा कागद. दुसऱ्याचं, शेवटून दुसरा. म्हणून लिहिलेली पानं टराटरा फाडून 'कोरी वही' करायला गेलं की चार दिवसांत मागची पानं गळायला लागतात. मुलाला वाटतं वही फालतू होती. वही चांगली होती, पण प्रत्येक कोऱ्या पानाला एका लिहिलेल्या पानाने धरून ठेवलं होतं. समजा शंभरातले तीस कागद भरलेत. तर बाहेरची तीस जोडपानं अर्धी शाईची, अर्धी कोरी, आणि आतली वीस जोडपानं पूर्ण कोरी. वही निम्म्याहून जास्त भरली असेल तर अखंड कोरं जोडपान एकही मिळत नाही, फक्त सुटे कागद मिळतात. हे गणित पाचवीतल्या मुलाला आधी तोंडी घालावं आणि मग वही उघडून पडताळू द्यावं. उत्तर बरोबर आल्यावर पोराच्या चेहऱ्यावर जे येतं ते कुठल्याही क्लासच्या फीमध्ये बसत नाही.

आता उसवायचं. वही बरोबर मधोमध उघडायची, पिनांचे दुमडलेले पाय आत दिसतात. चमच्याच्या दांड्याने किंवा बोथट सुरीने ते सरळ उभे करायचे आणि वही पालथी घालून बाहेरून पीन ओढायची. नखाने करू नये, पावसाळी हवेत ठेवलेल्या वह्यांच्या पिना गंजलेल्या असतात आणि नखाखाली शिरतात. पिना निघाल्या की आतली वीस जोडपानं आहेत त्याच क्रमाने उचलायची. क्रम महत्त्वाचा, कारण कारखान्यात वही दुमडून झाल्यावर कड एकदाच कापतात आणि त्यामुळे आतली पानं बाहेरच्यांपेक्षा केसभर अरुंद असतात. क्रम तोच ठेवला तर कड आपसूक सरळ बसते. चार वह्यांची पानं पत्त्यांसारखी पिसली तर कडेला पायऱ्या पडतात आणि घरात धारेचं कटर नसतं. रेघाही एका जातीच्या ठेवाव्यात. एकरेघीत दुरेघी आणि मधूनच चौकटी, अशी खिचडी दिसायला मजेशीर वाटते, पण तिच्यात लिहायला कुणी बसत नाही.

घडीच्या वहीला तीन भोकं पुरतात. एक बरोबर मध्यावर, दोन वर-खाली, कडेपासून साधारण दोन-दोन बोटं आत. पिनांची जुनी भोकं वापरायचा मोह होतो, पण ती गंजाने सैल झालेली असतात. पानं अर्धवट उघडी धरून, खाली जाड पुस्तक व्ही आकारात उघडं ठेवून, आतून बाहेर सुई टोचायची, ती बरोबर घडीतूनच बाहेर आली पाहिजे. वीस कागद एकदम सुईला ऐकत नाहीत, म्हणून पाच-पाचच्या गठ्ठ्यात टोचून मग एकत्र करायचे. पहिल्या गठ्ठ्यावरून मापाची पट्टी करून घ्यावी, नाहीतर भोकांना भोकं मिळत नाहीत. बाहेरून कव्हर म्हणून कॅलेंडरचं जाड पान किंवा मिठाईच्या खोक्याचं झाकण, तेही याच तीन भोकांत. दोरा गोधडीचा, सुती, वहीच्या उंचीच्या अडीचपट. तो मेणबत्तीवरून दोनदा ओढून घ्यायचा. मेण लागलेला दोरा गुंतत नाही, कागद कापत नाही आणि गाठ धरून ठेवतो. नायलॉनचा दोरा मजबूत वाटतो खरा, पण त्याची गाठ सुटते आणि तो कागद करवतीसारखा चिरतो.

मधल्या भोकातून आतून बाहेर. बाहेरून वरच्या भोकात, आत. आतून मध्य सोडून थेट खालच्या भोकात, बाहेर. बाहेरून परत मधल्या भोकात, आत. आता दोऱ्याची दोन्ही टोकं आत मध्यावर भेटतात आणि त्यांच्या मधून लांब टाका गेलेला असतो. एक टोक टाक्याच्या या बाजूला, दुसरं त्या बाजूला घेऊन टाक्यावरच गाठ मारायची. संपलं. चार ओळींचं काम आहे, पण बिघडतं ते दोरा ताणताना. आपण नकळत दोरा वर, स्वतःकडे ओढतो आणि भोक फाटून घडीला चीर पडते. ओढायचं ते घडीच्या दिशेने, वही आडवी असेल तर आडवं. एकदा फाटलं की दुसऱ्या वेळी कुणाला सांगावं लागत नाही.

सुट्या कागदांची वही वेगळी. त्यांना घडी नाही, म्हणून कडेनेच शिवावी लागते. कडा ठोकून सारख्या करायच्या, कपड्यांचे दोन चिमटे लावायचे, घडीकडच्या कडेपासून एक सेंटीमीटर आत, चार-चार सेंटीमीटरवर खुणा करायच्या आणि जुन्या पाटावर ठेवून बारीक खिळ्याने भोकं पाडायची. हातोडी मोठ्या माणसाच्या हातात असावी, पण खिळा कुणी धरायचा यावरून घरात वाद होतोच. मग साधा धावदोरा जाताना एक, येताना एक, म्हणजे दोन्ही बाजूंनी सलग रेघ दिसते. ही वही सपाट उघडत नाही, समासाचा काही भाग खाते आणि रफ कामाला उत्तम चालते.

घरात खळ शिजते तो वास मात्र सांगायला हवा.

दोन मोठे चमचे मैदा आधी थोड्या गार पाण्यात कालवायचा, नाहीतर गुठळ्या होतात. मग वाटीभर पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळत राहायचं. चार-पाच मिनिटांत पांढरं दूध असतं ते एकदम काचेसारखं होतं आणि चमच्याला जड लागतं. सत्यनारायणाच्या शिऱ्याचा आणि वर्गातल्या हस्तव्यवसायाच्या तासाचा, असा दोन्हींच्या मधला तो वास. बाइंडर लोक किडीसाठी खळीत मोरचूद घालतात, घरी मुलांच्या हातात तो विषारी प्रकार नको. त्यापेक्षा थोडीच करावी आणि दुसऱ्या दिवशी उरलेली टाकून द्यावी. जाड थर लावला की जास्त चिकटेल हा सार्वत्रिक गैरसमज आहे. जाड थर वाळत नाही, जूनच्या दमट हवेत त्याला बुरशी येते आणि मागोमाग झुरळं व कसर. पाठीवर जुन्या साडीच्या काठाची तीन बोटं रुंद पट्टी चिकटवायची, खळ बोटाने पातळ पसरून. पुठ्ठ्याचीही एक नस असते. तो दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहावा, ज्या दिशेने सहज वाकतो ती घडी वहीच्या पाठीला समांतर ठेवावी. उलटा बसवला तर खळीच्या ओलाव्याने कव्हर वाळता वाळता द्रोणासारखं वळतं. मग वर-खाली वर्तमानपत्राचे कागद, त्यावर पोळपाट, पोळपाटावर तांदळाचा डबा आणि रात्रभर हात लावायचा नाही. ही शेवटची अट सगळ्यांत अवघड. रात्री दहा वाजता डबा हळूच उचलून पाहिलेला असतोच.

कोऱ्या पानांचं कौतुक सरकारलाही करून झालं आहे. दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून २०२३-२४ पासून बालभारतीच्या पुस्तकांतच धड्यांच्या शेवटी वहीची कोरी पानं बांधली गेली. मुलं वह्या आणायची ती आणतच राहिली आणि जानेवारी २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. कल्पना वाईट नव्हती, पण दुसऱ्याने बांधून दिलेलं कोरं पान हे कुणाचंच नसतं. स्वतः टोचलेल्या भोकांच्या वहीचं तसं होत नाही. तिची एक बाजू तिरकी असते, गाठ जरा मोठी झालेली असते आणि तरी, किंवा म्हणूनच, तिच्यात पहिलं अक्षर लिहायला पोर दोन दिवस घाबरतं.

काय लिहायचं तिच्यात? शुद्धलेखन नको. ती सूचना आली की वही शाळेची झाली. दीड महिना पेन न धरल्याने बोटं आखडलेली असतात हे खरं, पहिल्या आठवड्यात फळ्यावरचं उतरून होत नाही ते त्यामुळेच. पण बोटं चार ओळींनीही सुटतात, फक्त त्या रोज लिहायला हव्यात आणि लिहिण्यासारखं काहीतरी रोज घडायला हवं. जूनमध्ये ते आयतंच घडतं. पाऊस मोजायचा.

सरळ भिंतीची बरणी सर्वांत चांगली. प्लॅस्टिकची बाटली घ्यायची तर कमरेत आवळलेली नको. खांदा संपून अंग सरळ होतं तिथे कापायची, वरचा भाग उलटा करून गाळणीसारखा बसवायचा, म्हणजे पाण्याची वाफ कमी होते आणि पानं पडत नाहीत. बाटलीचा तळ उंचसखल असतो, म्हणून तळाशी खडे टाकून सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी भरायचं आणि तिथे शून्याची खूण करायची. वर मिलिमीटरची कागदी पट्टी, पारदर्शक चिकटपट्टीने पूर्ण झाकून. तोंड आणि अंग सारख्याच रुंदीचं असेल तर बाटली बारीक की जाडी याने काही फरक पडत नाही, आणि हे मुलांना पटत नाही. पटत नसेल तर दोन वेगळ्या बाटल्या शेजारी ठेवाव्यात. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे गच्चीचं क्षेत्रफळ काढून गुणलं की आकडा बघून मोठी माणसंही गप्प होतात.

चुका नेहमीच्याच. पागोळीखाली ठेवलेली बाटली छपराचा पाऊस मोजते. भिंतीलगतची कमी दाखवते, कारण वारा तिरका असतो. जमिनीवर ठेवली तर शिंतोडे आत जातात, म्हणून फूटभर उंच स्टुलावर, विटांनी आवळून. मोजायचं रोज सकाळी साडेआठला, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो. मोजून झालं की पाणी परत शून्याच्या खुणेवर आणायचं, हे विसरलं की दुसऱ्या दिवशी गावात ढगफुटी झालेली असते. अडीच मिलिमीटर किंवा जास्त पडला तर तो खात्याच्या हिशेबात पावसाचा दिवस. साडेचौसष्टच्या वर गेला तर जोरदार. वहीत तारीख, आकडा आणि एक ओळ, वारा कुठून होता, कुणाचे कपडे भिजले, बेडूक ओरडले का. मृग सात-आठ जूनला लागतो म्हणून पाऊस तेव्हाच येईल असं नाही. २०२५ मध्ये तो २६ मेलाच मुंबईत पोचला होता आणि गच्च्यांवर वाळत घातलेल्या आंबापोळ्यांची धावाधाव झाली. आकडे शून्य, शून्य, शून्य येत राहिले तरी लिहायचेच. ते चार-पाच शून्यंच पुढे वाचायला सगळ्यांत छान लागतात.

कोयींचं काम त्याच वहीत मावतं. आंब्याची कोय टिकत नाही, महिन्याभरात तिची रुजायची ताकद जवळजवळ संपते, म्हणून हे जूनचंच काम. रायवळ आंब्याच्या कोयी घ्याव्यात, चोखून झाल्या की धुवून, दोन दिवस सावलीत. उन्हात नाही. मग बादलीत टाकायच्या, तरंगतील त्या बाद. कडेने कात्री घालून टरफल उघडलं तर आतलं बी दिसतं, आणि कधीकधी त्यातून काळा भुंगा संथपणे चालत बाहेर येतो, तेव्हा होणारा आरडाओरडा शेजारी ऐकू जातो. लिटरभर दुधाच्या पिशवीला तळाशी चार-पाच भोकं, माती आणि कुजलेलं शेणखत, वर दोन-तीन सेंटीमीटर मातीखाली कोय आडवी. पंधरा-वीस दिवसांत तांबूस रंगाचा कोंब येतो, त्या रंगाला नाव नाही. कोकणात कोयकलमं बांधतात ती याच कोवळ्या तांबड्या रोपांवर, पंधरवड्याच्या आतच. हापूसच्या कोयीला हापूस लागत नाही हे आधीच सांगून टाकावं, नाहीतर दहा वर्षांनी बोलणी खावी लागतात. आणि पिशवीत फार दिवस ठेवू नये, सोटमूळ तळाला आपटून गोल गुंडाळायला लागतं आणि ते झाड पुढे कुठेच नीट धरत नाही.

बाकी कामंही असतात. खाकी कव्हरं, छत्रीची काडी, दप्तराची चेन, बुटांत आता न मावणारे पाय. ती होतात, त्यांचं काय सांगायचं.

हे सगळं करून पोराची दुपार भरते का? भरते आणि भरतही नाही. शिवताना दोन तास जातात, मग परत तो फरशीवर उताणा. तेही असू द्यावं. पन्नास जोडपानांतली वीस कोरी राहिली म्हणून वही वाया गेली असं कुणी म्हणत नाही. गेलं ते मे महिन्याचं अंग कुठल्या तरी टोकाला याच दिवसांना जोडलेलं असतं. आजोळी खाल्लेल्या आंब्याची कोय इथे पिशवीत असते. मनात मात्र एक हुरहुर राहते, ती पोराच्या आहे की आपल्या, हे नक्की सांगता येत नाही. नव्या पुस्तकांचा वास तिच्यात असतो आणि घड्याळात परत सकाळचे सहा वाजणार आहेत हेही.

रद्दीच्या दुकानावर चार-पाच दिवसांनी निळी ताडपत्री चढली होती. पहिला पाऊस होऊन गेलेला, ओलसर कागदाचा आंबूस वास रस्त्यापर्यंत येत होता आणि एका बाईंना दुकानदार सांगत होता, "ओली रद्दी नको ताई, वजन खोटं होतं." गल्ल्यावर त्याची हिशेबाची वही उघडी होती. त्याने काही उसवलं नव्हतं, टोचलं नव्हतं, शिवलं नव्हतं. वही सरळ उलटी करून मागून सुरुवात केली होती. उलटी केल्यामुळे समासाची लाल रेघ डावीकडची उजवीकडे गेली होती, आणि त्या अरुंद पट्टीत त्याने रुपयांचे आकडे एकाखाली एक बसवले होते, जणू ती रेघ त्यासाठीच मारली होती. किलो डावीकडे, रुपये समासात. पाऊस वाढला तसा त्याने वही मिटून गल्ल्याखाली सरकवली. मिटताना खालचं कव्हर दिसलं. त्यावर लेबल होतं, डोक्यावर उभं. नाव, इयत्ता, तुकडी, आणि विषयापुढे गोल अक्षरात, परिसर अभ्यास.